सहीच्या वरची ओळ

स्टोअरसाहेबांच्या मुलीला शाळेच्या शेवटच्या परीक्षेत जरा जास्तच गुण पडले आणि घरावर संकट कोसळलं.

कमी पडले असते तर प्रश्नच नव्हता. कमी गुणांची मुलं जिथे घेतात तिथे जातात आणि आईबाप नशिबाला बोल लावून मोकळे होतात. पण या मुलीला इंजिनिअरिंगही मिळत होतं आणि कॉम्प्युटर सायन्सही. ताटं दोन वाढलेली आणि जेवणारं तोंड एक.

मुलीला घरात खारू म्हणत. लहानपणी बापाच्या खिशातले नटबोल्ट पळवून ती उशीच्या अभ्र्यात साठवायची म्हणून खारूताई, आणि वय वाढलं तशी ताई गळून नुसती खारू. तिचे वडील म्हणजे स्टोअरसाहेब. खरं तर ते साहेब कधीच नव्हते. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात ते एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. पण जो माणूस आयुष्यभर 'नाही' म्हणायच्या खुर्चीवर बसतो, त्याला लोक आपोआप साहेब म्हणू लागतात.

त्यांच्या स्टोअरची एक रीत इथेच सांगून ठेवलेली बरी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच घडलं. कारखान्यातले फोरमन चिठ्ठी लिहून माल मागवत. वरिष्ठाची सही झाली की एखादा बेरकी फोरमन यादी आणि सही यांच्यामधल्या मोकळ्या जागेत हळूच आणखी दोन वस्तू घुसवायचा. म्हणून फार पूर्वी कुणा शहाण्यानं दंडक घातला, की चिठ्ठीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू सगळ्यात शेवटी लिहायची, सहीला अगदी चिकटून. सही करणाऱ्याची नजर तिच्यावर पडतेच, आणि खाली बोट शिरकवायला जागा उरत नाही. स्टोअरकीपरनं चिठ्ठी खालून वर वाचायची. तळाची वस्तू आधी द्यायची, वरचं किरकोळ सवडीनं. एकतीस वर्षं असं वाचून स्टोअरसाहेबांची नजर इतकी घडली होती, की वर्तमानपत्र हातात आलं तरी ते आधी तळाशी छापखान्याचा पत्ता वाचत. त्यांची बायकोसुद्धा वाण्याची यादी तशीच करायची. मीठ, साबण, काड्यापेटी, आणि सगळ्यात खाली चहा. बायको जाऊन सहा वर्षं झाली. यादी अजून तशीच होत होती.

आता मूळ दुखणं. इंजिनिअरिंगचं कॉलेज गावातच होतं, सात नंबरच्या बसनं वीस मिनिटं. कॉम्प्युटर सायन्सची संस्था आगगाडीनं एक रात्र आणि अर्धा दिवस लांब. घरात माणसं दोन. हे गणित पहिलीतल्या पोरानंही सोडवलं असतं, पण घरातल्या दोघांनी त्याला हात लावला नाही. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात बापलेक सारखेच पटाईत.

"हे बघ, मी आपला तटस्थ," स्टोअरसाहेब म्हणाले.

"मी पण," खारू म्हणाली.

"तू कशी तटस्थ? शिकायचंय तुला!"

"मला दोन्ही आवडतं, बाबा. तुम्हीच शोधा ना, दोन्हीत फरक काय ते."

स्टोअरसाहेबांना कुणी वर्षभरात काही शोधायला सांगितलं नव्हतं. ते त्याच दिवशी कामाला लागले.

स्टोअरमध्ये एका वस्तूला एक कार्ड असतं. त्यावर आवक, जावक, शिल्लक. स्टोअरसाहेबांनी दोन कोरी कार्डं काढली, एकावर 'इंजिनिअरिंग' लिहिलं, दुसऱ्यावर 'कॉम्प्युटर सायन्स', आणि स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली. बाजूनं मिळालेलं मत आवक, विरुद्ध मिळालेलं जावक, आणि शेवटी ज्याची शिल्लक जास्त ती शाखा. इतकी निर्दोष पद्धत जगात दुसरी नव्हती. तिच्यात एकच उणीव होती, की मत देणारी माणसं लागत.

ती मिळायला मात्र वेळ लागला नाही. पहिले आले तळमजल्यावरचे विमावाले. हे इमारतीचे सेक्रेटरीही होते, आणि कुठल्याही गोष्टीकडे ती कधी मरणार याच दृष्टीनं बघत.

"साहेब, शाखेचं आयुर्मान बघा," ते म्हणाले. "यंत्रं दोनशे वर्षं जगलीत. कॉम्प्युटर कसाबसा पन्नाशीत आलाय. पन्नाशीच्या गिऱ्हाइकाचा हप्ता किती बसतो, ठाऊक आहे?"

स्टोअरसाहेबांनी इंजिनिअरिंगच्या कार्डावर आवक एक लिहिली. विमावाले दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "पण दोनशे वर्षांचं जे असतं ना साहेब, ते आता कधीही जाऊ शकतं." आवक एक, जावक एक. शिल्लक शून्य.

समोरच्या शिवणवाल्या काकूंनी तोंडातल्या टाचण्या काढून मत दिलं. "भाऊजी, कॉम्प्युटरवाला बेततो आणि इंजिनिअर कापतो. नुसतं बेतून झबलं होत नाही. आणि न बेतता कापलं तर कापड गेलं वाया."

"म्हणजे तिनं शिकायचं काय?"

"ते मला काय विचारता? मी नववीत दोनदा बसले." मग त्यांनी भिंतीवरची कार्डं नीट पाहिली. "एक विचारू? पोर लांब गेली तर तुम्ही या घरात काय करणार, ते कुठल्या कार्डावर लिहिलंय?"

"तो मुद्दा विषयाला सोडून आहे," स्टोअरसाहेब म्हणाले, आणि काकूंनी टाचण्या परत तोंडात धरल्या.

तिसरा आला खारूचा मामा, म्हणजे स्टोअरसाहेबांचा मेहुणा. त्याचा मुलगा तीन वर्षं कॉम्प्युटर शिकत होता, त्यामुळे त्याचं मत तज्ज्ञाचं.

"दाजी, डोळे मिटून कॉम्प्युटर! जग कुठे चाललंय, बघताय ना?"

"तुझा मुलगा आता सगळं करत असेल घरातलं."

"सगळं! फक्त प्रिंटर बिघडला तेव्हा म्हणाला, हे हार्डवेअर आहे, इंजिनिअरला बोलवा."

"मग बोलावलास?"

"बोलावला. तो म्हणाला, हे सॉफ्टवेअरचं काम, आमचं नाही."

"मग प्रिंटरचं काय केलंत?"

"त्यावर कुंडी ठेवलीय."

स्टोअरसाहेबांनी दोन्ही कार्डांवर जावक एकेक लिहिली.

दोन आठवड्यांत ही कार्डं इमारतीत गाजली. दुसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य आले, पोस्टमन आला, गॅसची शेगडी दुरुस्त करणारा आला. त्यानं तर 'कॉम्प्युटर इंजिनिअरिंग' नावाची तिसरीच वस्तू असते असं सांगून स्टोअरसाहेबांची पाचावर धारण बसवली. एकच माल दोन नावांनी दोन कार्डांवर चढला, तर वर्षअखेरीच्या मोजणीत काय होतं, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ती धास्ती कळेल. पण सांगायची गोष्ट वेगळी. निवृत्तीनंतरच्या अकरा महिन्यांत स्टोअरसाहेबांच्या दाराची घंटा वाजवली होती ती मीटर वाचणाऱ्यानं, आणि एकदा कुणीतरी चुकून. या दोन आठवड्यांत त्यांना कपबशा शेजारून उसन्या आणाव्या लागल्या. त्यामुळे शिल्लक एकोणीस-एकोणीस अशी अडली, तेव्हा त्यांचा चेहरा चिंतेचा असला तरी चहा त्यांनी उत्साहानं टाकला.

कोंडी फोडली ती इमारतीच्या पंपानं. तो एका सकाळी गुर्रर्र करून बंद पडला.

"ही तर परीक्षा चालून आली!" मामा ओरडला. "खारूनं पंप चालू केला, तर इंजिनिअरिंग. नाही केला, तर कॉम्प्युटर."

नळ कोरडे पडलेले असताना शिक्षणशास्त्रातला हा प्रयोग सगळ्यांना पटला. खारूनं केस बांधले, बापाचा पान्यांचा डबा उचलला आणि जिन्याखाली जाऊन बसली. स्टोअरसाहेब शेजारी कंदिलासारखी बॅटरी धरून उभे. ती मागे न बघता हात पुढे करायची आणि ते न विचारता हवा तो पाना हातावर ठेवायचे. तास-दीड तास दोघं एक शब्द बोलले नाहीत. स्टोअरसाहेबांना पुष्कळ दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. पंप सुरू झाला तेव्हा त्यांना, खरं सांगायचं तर, थोडा रागच आला.

पण खारू तिथे थांबली नाही. तिनं जुन्या घड्याळाचं यंत्र, दोन तारा आणि कुठूनसा मिळवलेला सर्किटचा हिरवा तुकडा जोडून पंपाला अशी अक्कल दिली, की तो रोज उन्हं कलल्यावर पाचला आपण होऊन सुरू होईल आणि साडेपाचला बंद. तसा तो झालाही. फक्त विमावाल्यांनी गेली अकरा वर्षं पाचला भिंतीवरचं बटण दाबलं होतं. त्या दिवशीही त्यांच्या बोटानं ते दाबलं आणि ते एका गिऱ्हाइकाकडे निघून गेले. साडेपाचला पंपाच्या अकलेनं बंद व्हायचं ठरवलं, पण बटणानं होऊ दिलं नाही. टाकी भरली, वाहिली, पाणी जिना उतरून थेट विमावाल्यांच्या बैठकीत शिरलं. इमारतीतल्या सगळ्यांच्या जिवाची हमी घेणारे कागद तिथे खालच्या कपाटात होते, आणि त्यांना पोहता येत नव्हतं.

संध्याकाळी जिन्यात सभा भरली. काकूंचं म्हणणं, पंप चालला म्हणजे इंजिनिअरिंग. दंतवैद्यांचं म्हणणं, वेळ बरोबर साधली म्हणजे कॉम्प्युटर. विमावाले चादर पिळत म्हणाले, "मुलीला वकील करा." मामानं विचारलं, "दाजी, याची नोंद कुठल्या कार्डावर?" स्टोअरसाहेबांनी पाणी उपसताना खिशात टाकलेली कार्डं काढली. ती ओली होऊन एकमेकांना चिकटली होती.

या धांदलीत चार दिवस गेले आणि अर्जाची शेवटची तारीख येऊन ठेपली. त्याच सकाळी खारूला गालगुंड झालं. दोन्ही गाल फुगून ती पहिल्यांदाच आपल्या नावाला शोभायला लागली. अर्ज कार्यालयात जाऊन खिडकीवर हातानंच भरायचा होता, आणि संसर्गाच्या पोरीला कुणी दारात उभं केलं नसतं.

"मी जातो," स्टोअरसाहेब म्हणाले. "पण लिहू काय?"

खारूनं ओठ जेमतेम हलवले. "आधी कॉम्प्युटर सायन्स. ते नाही मिळालं, तर इंजिनिअरिंग."

सतरा दिवस अख्खी इमारत जे शोधत होती, ते असं दोन वाक्यांत निघालं. स्टोअरसाहेबांनी चष्मा पुसला.

"नक्की ना?"

तिनं मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. "दुखतंय."

काय दुखतंय, ते त्यांनी विचारलं नाही.

बसमध्ये त्यांच्या मनात नको ते आलं. दोन नावं खालीवर केली तर कुणाला कळणार आहे? स्टोअरसाहेबांनी हा विचार अंगावर झुरळ पडल्यासारखा झटकला. एकतीस वर्षांत त्यांनी कुणाला एक वॉशर जास्त दिला नव्हता, स्वतःला तर नाहीच. ते कार्यालयात पोचले ते अगदी ताठ मानेनं.

खिडकी क्रमांक चारवरच्या कारकुनानं अर्ज सरकवला. 'पसंतीच्या शाखा व संस्था' असं शीर्षक, खाली चार कोऱ्या ओळी, ओळींना आकडे नाहीत, आणि त्यांच्याखाली 'पालकाची सही'.

"कसं भरायचं, ते कुठे दिलंय?"

"माहितीपुस्तिकेत."

"ती द्या."

"संपली. तुमच्यामागे साठ माणसं आहेत, आजोबा."

आजोबा! स्टोअरसाहेबांचे कान तापले. त्यांनी पेन उघडलं आणि ज्या हातानं एकतीस वर्षं मोत्यासारख्या नोंदी केल्या, त्या हातानं लिहायला सुरुवात केली. पहिल्या ओळीवर गावातलं इंजिनिअरिंग. मग किरकोळ भरतीच्या दोन शाखा. आणि सगळ्यात शेवटी, जपून, सहीला अगदी चिकटून, कॉम्प्युटर सायन्स. मध्ये कुणी काही घुसवू नये म्हणून त्यांनी सहीचं वरचं वळण त्या अक्षरांना टेकवलं. हृदयावर धोंडा ठेवून त्यांनी लेकीची इच्छा पुरी केली होती. परतीच्या बसमध्ये त्यांना स्वतःबद्दल इतका आदर वाटला, की त्यांनी उभ्या असलेल्या एका धडधाकट तरुणाला आपली जागा दिली.

सहा दिवसांनी फलकावर यादी लागली. खारूच्या क्रमांकासमोर लिहिलं होतं: इंजिनिअरिंग, गावातलं कॉलेज.

कॉम्प्युटर सायन्सच्या जागा भरल्या असणार, स्टोअरसाहेबांना वाटलं. आता कुणाचा काय इलाज? सात नंबरच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले आणि चक्क गुणगुणले. हे इथे नोंदवून ठेवायला हवं, कारण नंतर त्यांनी ते कधीच कबूल केलं नाही.

खारूनं निकाल ऐकला. मग म्हणाली, "अर्जाची प्रत आहे?"

तिनं प्रत पाहिली. तिचे गाल बरेच उतरले होते, त्यामुळे चेहऱ्यावर काय चाललंय ते स्पष्ट दिसत होतं. ती वरून खाली वाचत गेली, आणि तळाशी येऊन थांबली.

"बाबा, तुम्ही चिठ्ठी लिहिलीत."

"म्हणजे?"

"स्टोअरची चिठ्ठी. महत्त्वाचं खाली." ती हसायला गेली, पण गाल दुखला असावा. "मलाच सुचायला हवं होतं."

स्टोअरसाहेब खुर्चीवर टेकले. "खारू, मुद्दाम नाही गं केलं."

"माहितीये."

"शपथेवर सांगतो..."

"बाबा, माहितीये म्हटलं ना. इंजिनिअरिंग पण छान आहे. आणि सात नंबरची बस दारातून जाते." आणि तिनं पलंगाखालून काढून ठेवलेली मोठी बॅग परत आत सरकवली. ती बॅग बाहेर कधी आली होती, हे स्टोअरसाहेबांना ठाऊकच नव्हतं.

भांडली असती तर बरं झालं असतं. पण खारू वेळेवर जेवत होती, विचारलं तेवढं बोलत होती, आणि उरलेला वेळ भिंतीकडे तोंड करून वाचत होती. लेक घरात असूनही घर इतकं रिकामं होऊ शकतं, हे स्टोअरसाहेबांना नवीन होतं. त्यांनी दोनदा चहा विचारला. दोन्ही वेळा ती "नको" म्हणाली, तेही अगदी गोड आवाजात.

त्यात इमारतीनं अभिनंदनाची रांग लावली. विमावाल्यांनी जिन्यात डोळा मिचकावला. "मानलं साहेब! पोरीच्या मनासारखं लिहिलं, आणि झालं मात्र तुमच्या मनासारखं. ही कला आम्हाला नाही जमली." मामानं फोनवर विचारलं, "दाजी, खरं सांगा, चूक की हुशारी?" ज्या माणसानं कारखान्याच्या मालकालासुद्धा चिठ्ठीशिवाय खिळा दिला नाही, त्याच्याकडे आता पोस्टमनही कौतुकानं बघत होता. काकू तेवढ्या काही बोलल्या नाहीत, आणि ते सगळ्यात जास्त लागलं.

भांडी घासताना स्टोअरसाहेबांनी स्वतःचा उजवा हात उलटसुलट करून पाहिला. सवयीनं लिहिलं, हे खरं. पण जी सवय लिफाफ्यावर पत्ता लिहिताना आड येत नव्हती, बँकेत आड येत नव्हती, ती नेमकी त्याच दिवशी, त्याच चार ओळींवर कशी आली? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि खारूला न सांगता बाहेर पडले.

आधी ते कारखान्यात गेले. नव्या स्टोअरकीपरनं त्यांना ओळखलं नाही, पण रद्दीत घालायला काढलेल्या जुन्या चिठ्ठ्यांचं एक गाठोडं दिलं. ते काखेत मारून ते खिडकी क्रमांक चारवर उभे राहिले.

"चूक आमची असेल तर दुरुस्त होते," कारकून म्हणाला. "तुमची असेल तर खिडकी दोन."

"खिडकी दोन बंद आहे."

"ते रजेवर आहेत. दुरुस्तीची मुदत उद्यापर्यंत आहे."

"आणि ते कधी येणार?"

"परवा."

चिठ्ठीशिवाय खिळा न देणाऱ्या माणसाला हा न्याय मनातून पटला, आणि म्हणूनच तो कसा मोडायचा हेही ठाऊक होतं. दाराशी बसून राहायचं. ते प्रवेशाधिकारी बाईंच्या दाराशी सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसून राहिले. शेवटी बाईंनीच डबा उघडता उघडता आत बोलावलं. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या बाई. त्यांनी सगळं ऐकलं आणि चिठ्ठ्या चाळल्या.

"आजोबा, कारखान्याच्या चिठ्ठ्या मला काय कळणार? बेअरिंग महत्त्वाचं की रबर, कुणी सांगावं? असे पुरावे रोज येतात. इथे लोक येऊन रडतात, मुलीला घराजवळ द्या म्हणून. तुम्हाला मिळालंय, तर तुम्ही काढून टाका म्हणताय?"

"हो."

"घरी आणखी कोण असतं?"

"ती आणि मी."

"आणि ती गेली की?"

"मी."

बाईंनी डब्याचं झाकण परत लावलं. स्टोअरसाहेब चिठ्ठ्या गोळा करू लागले. त्या गडबडीत खिशातला एक कागद टेबलावर पडला. बाईंनी तो उचलला.

"ही कसली चिठ्ठी?"

"ती आमची वाण्याची यादी. राहू द्या."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "साखर. पंपाच्या घड्याळाला सेल. दाढीचं पातं. साबण. मऊ पाव." त्यांनी वर पाहिलं. "यातलं आज विसरून घरी गेलात, तर चालणार नाही असं काय?"

"पाव," स्टोअरसाहेब लगेच म्हणाले. "तिला अजून चावता येत नाही."

बाईंनी यादीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, मग अर्जाच्या शेवटच्या ओळीवर. मग दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"यादी माझ्याकडे राहील," त्या म्हणाल्या. "जोडपत्र म्हणून." आणि त्यांनी घंटी वाजवून खिडकी दोनची किल्ली मागवली.

दुरुस्तीचा शिक्का बसला आणि खारूचं नाव कॉम्प्युटर सायन्सच्या यादीत चढलं. त्या दिवशी स्टोअरसाहेब दोनदा बाहेर पडले, कारण यादी नसल्यामुळे पहिल्या फेरीत ते साखर, सेल, पातं, साबण सगळं विसरले. पाव मात्र आणला होता. त्याच्याच पिशवीत दुरुस्तीची पावती ठेवून त्यांनी ती खारूसमोर ठेवली. तिनं आधी पाव काढला, मग पावती. पावती वाचल्यावर तिनं कितीतरी दिवसांनी तोंड भिंतीकडून वळवलं आणि म्हणाली, "बाबा, चहा टाका ना."

पुढचे पंधरा दिवस बॅग भरण्यात गेले. निघायच्या दिवशी अख्खी इमारत खाली आली. विमावाल्यांनी प्रवासाचा विमा काढायला लावला, काकूंनी तीन उशांचे अभ्रे शिवून दिले आणि मामानं जाताजाता सांगितलं, "आता आमचा प्रिंटर बघशील हं!" फलाटावर बापलेकीनं एकमेकांना फक्त सूचना दिल्या. पाण्याची बाटली, तिकीट, मोबाइल, खिडकी बंद कर. गाडी हलली तेव्हा स्टोअरसाहेब डबा मोजत होते. हा पुढून नववा, तर मागून सातवा.

घरी परत आले तेव्हा पाच वाजायला आले होते. घर आवरलेलं होतं. खिळ्याला ती दोन्ही कार्डं, वाळून कडक झालेली, अजून एकमेकांना चिकटलेलीच. चहाच्या डब्याखाली एक कागद दिसला. खारूचं अक्षर, घरासाठी सूचना. स्टोअरसाहेबांनी चष्मा लावला. आज त्यांनी मुद्दाम वरून वाचायचं ठरवलं, सुशिक्षित माणसासारखं.

'दूधवाल्याला अर्धाच लिटर सांगितलंय. गोळ्या जेवल्यावर घ्यायच्या, आधी नाही. दर सहा महिन्यांनी पंपाच्या घड्याळाचे सेल बदलायचे. विमावाल्यांना बटणाला हात लावू द्यायचा नाही. काकूंच्या कपबशा अजून परत करायच्या आहेत. त्या देताना तिथेच बसून चहा प्या, नुसत्या देऊन येऊ नका.'

आणि सगळ्यात खाली, एकच ओळ.

'रोज संध्याकाळी फोन करा. मी करीन म्हणून वाट बघू नका, तुम्हीच करा. मला करमणार नाही.'

त्याखाली तिची सही. सहीचं वरचं वळण त्या शेवटच्या अक्षराला टेकलेलं.

स्टोअरसाहेबांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग रीतीप्रमाणे त्यांनी पेन्सिल काढली आणि माल मिळाल्याची पोच लिहायला कागदावर वाकले. पण सहीच्या वर टाचणी शिरायलाही जागा नव्हती, आणि खाली कागद संपला होता. पेन्सिल हातात धरून ते तसेच उभे राहिले. जिन्याखाली टक् असा आवाज झाला आणि कुणी बटण न दाबता पंप सुरू झाला.

पाच वाजले होते. संध्याकाळ म्हणायला हरकत नव्हती. त्यांनी फोन उचलला.